तरतमभाव आणि 'सर्व'चा प्रश्न

१

मराठी समीक्षेत 'तरतमभाव' हा शब्द नित्याचा आहे. साहित्यकृतींचे मूल्यमापन करताना तरतमभाव राखावा लागतो, असे म्हटले जाते. एखाद्या समीक्षकाला तरतमभाव नाही, हा त्याच्यावरचा गंभीर आक्षेप ठरतो. 'तर' आणि 'तम' या दोन संस्कृत प्रत्ययांची मोट बांधून हे भाववाचक नाम सिद्ध झाले आहे. मात्र हे प्रत्यय मराठीच्या स्वतःच्या विशेषणांना लागत नाहीत. 'सुंदरतम' म्हणता येते, 'चांगलातम' म्हणता येत नाही. 'लघुतर' चालते, 'लहानतर' चालत नाही. म्हणजे मराठीने आपल्या विवेकशक्तीला नाव दिले ते अशा दोन प्रत्ययांवरून, ज्यांच्यावाचून तिचा रोजचा विवेक चालत आला आहे. ही विसंगती केवळ शब्दसिद्धीपुरती आहे, की मूल्यविचाराच्या दोन भिन्न रीती तिच्यातून व्यक्त होतात, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

'क्ष हा सर्वांत थोर' या विधानात एक गुण असतो, एक व्यक्ती असते आणि एक समूह असतो. गुण विशेषणात दिसतो, व्यक्ती कर्त्याच्या स्थानी दिसते; समूह मात्र कधी दिसतो, कधी दिसत नाही. भाषा त्याला वाक्यात जागा देते की विशेषणाच्या प्रत्ययात विरघळवून टाकते, यावर बरेच अवलंबून असते. कारण श्रेष्ठत्वाच्या प्रत्येक विधानामागे कोणीतरी कोणालातरी एकत्र मोजलेले असते. कोणाला मोजले आणि कोणाला वगळले, हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही, तो नीतीचा होतो.

२

या प्रश्नाची चाचपणी करण्यास कृत्रिम भाषा सोयीच्या ठरतात. नैसर्गिक भाषेत एखादे रूप का आले याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते; रचलेल्या भाषेत ते रचणाऱ्याच्या हेतूत सापडते.

योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने १८७९-८० च्या सुमारास वोलाप्यूक ही भाषा रचली. तीत विशेषणालाच प्रत्यय लागतो : 'गुडिक' म्हणजे चांगला, 'गुडिकुम' म्हणजे अधिक चांगला, 'गुडिक्यून' म्हणजे सर्वांत चांगला. हा प्रत्यय निरपवाद आहे आणि कोणत्याही विशेषणाला लावता येतो. श्रेष्ठत्व येथे गुणाचीच एक अवस्था म्हणून कल्पिलेले आहे. समूहाचा उल्लेख केला नाही तरी शब्द पूर्ण वाटतो. १८८७ मध्ये झामेनहोफने प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतोची रीत निराळी आहे. तिथे विशेषण जसेच्या तसे राहते आणि त्याच्या आधी स्वतंत्र शब्द येतो : 'बोना', 'प्ली बोना', 'ला प्लेई बोना'. समूह सांगायचा असल्यास 'एल' (-तून) किंवा 'इंतेर' (-मध्ये) या शब्दांनी तो जोडता येतो. म्हणजे एस्पेरांतोने समूहासाठी जागा ठेवली आहे, पण ती भरण्याची सक्ती केलेली नाही.

तिसरे उदाहरण कादंबरीतले आहे. जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या '१९८४' या कादंबरीत राज्यसत्तेने घडविलेल्या भाषेत 'गुड', 'प्लसगुड', 'डबलप्लसगुड' अशी चढण आहे. वाईटासाठी वेगळा शब्दच नाही, 'अनगुड' आहे. या भाषेची चर्चा करताना शब्दसंख्या घटविण्यावर भर दिला जातो. परंतु तिच्या तरतमभावाची एक विशेषता सहसा नजरेआड राहते. 'डबलप्लसगुड' ही गोष्ट कोणाहून चांगली आहे, हे विचारण्याची सोय या शब्दात नाही. तीत तुलना नाही, केवळ मात्रा आहे. आणि मात्रा ठरविणारी मोजपट्टी सत्तेच्या हाती आहे. समूह नाहीसा झाला की श्रेष्ठत्व वादातीत होते. वाद घालायला जी दुसरी बाजू लागते, तीच वाक्यातून काढून टाकलेली असते.

श्लायरने हे काम सुलभतेसाठी केले, ऑर्वेलच्या कल्पित सत्तेने दमनासाठी. हेतूंत दोन टोकांचे अंतर आहे. परंतु समूहाची जागा प्रत्ययाने घेणे, ही क्रिया दोहोंत समान आहे. सोय आणि दमन यांची व्याकरणिक वाट काही अंतरापर्यंत एकच असू शकते, ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढे जावयास हवे.

३

संस्कृत व्याकरणपरंपरेने या समूहाचा विचार फार काटेकोरपणे केला आहे. पाणिनीने 'तमप्' आणि 'इष्ठन्' हे प्रत्यय अतिशय दाखविण्यासाठी सांगितले. दोहोंची तुलना असेल किंवा एकापासून दुसरे वेगळे काढायचे असेल, तर 'तरप्' आणि 'ईयसुन्' सांगितले. परंतु या प्रत्ययांपेक्षा विभक्तिप्रकरणातला विचार येथे अधिक महत्त्वाचा आहे. समुदायातून एकाला निवडून वेगळे दाखविणे याला तिथे 'निर्धारण' म्हटले आहे, आणि ज्या समुदायातून निवड होते त्याला षष्ठी किंवा सप्तमी विभक्ती सांगितली आहे. गाईंमध्ये काळी गाय सर्वाधिक दुधाळ, हे निर्धारण होय. काळी गाय ही गाईंपैकीच एक आहे. याउलट मथुरेचे लोक पाटलिपुत्राच्या लोकांहून संपन्न आहेत असे म्हणताना निवडलेला पक्ष दुसऱ्या पक्षात मुळातच समाविष्ट नाही. तिथे पंचमी येते.

सप्तमी आणि पंचमी यांतला हा भेद मूल्यविचाराच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. सप्तमीचे श्रेष्ठत्व समूहात राहून मिळते, पंचमीचे समूहापासून विभक्त होऊन. पहिल्यात श्रेष्ठ ठरलेला इतरांचा सजातीय असतो. त्याची थोरवी ज्या मापाने मोजली त्याच मापाने इतरांचीही मोजली जाते. दुसऱ्यात तो पलीकडे उभा असतो.

मराठीने हे दोन्ही मार्ग राखले आहेत. 'सर्वांत मोठा' ही सप्तमी, 'सर्वांहून मोठा' ही पंचमी. 'पेक्षा' हे शब्दयोगी अव्यय 'अपेक्षा'पासून आले. एकाकडे पाहून दुसऱ्याविषयी बोलणे, हा अर्थ त्याच्या पोटात आहे. यांखेरीज मराठीत तिसरी एक रचना आहे : 'मोठ्यांत मोठा', 'वाईटात वाईट', 'गरिबांतला गरीब'. येथे समूह बाहेरून आणलेला नसून विशेषणानेच उभा केलेला असतो. गरिबांतला गरीब शोधायचा तर प्रथम गरिबांचा मेळा भरवावा लागतो, मग त्यात शिरावे लागते.

मराठीत परमावधी दाखविण्याची ही जी सहज रूपे आहेत, त्यांपैकी कोणतेही विशेषणाच्या अंगाला चिकटत नाही. विशेषण साधेच राहते. श्रेष्ठत्वाचा सगळा भार समूहवाचक पदावर पडतो. 'फार', 'अतिशय', 'अत्यंत' हे शब्द या गटात मोडत नाहीत, कारण ते तुलना करीत नाहीत, केवळ उत्कटता सांगतात. 'अत्यंत सुंदर' म्हणणाऱ्याला 'कोणांत?' असे विचारता येत नाही. 'सर्वांत सुंदर' म्हणणाऱ्याला ते विचारता येते.

या संदर्भात शुद्धलेखनाचा एक बारीक मुद्दाही अर्थपूर्ण ठरतो. महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनेक अनुस्वार गाळले, परंतु अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार राखला. त्यामुळे 'सर्वांत' आणि 'सर्वात' हे दोन शब्द झाले. पहिल्यात अनेकजण आहेत, दुसऱ्यात एक एकसंध राशी आहे. छापील मजकुरात आज बहुधा हा अनुस्वार पडलेलाच दिसतो. मुद्रितशोधकाच्या दृष्टीने ती किरकोळ चूक असेल. पण माणसांचा समुदाय आणि माणसांची राशी यांतला फरक त्या एका टिंबावर उभा आहे, हे नाकारता येत नाही.

४

हा विचार प्रत्यक्ष भाषाव्यवहारात तपासून पाहण्यास गोंडपिपरीसारखे ठिकाण योग्य आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील हा तालुका. पूर्वेस वैनगंगा आणि तिच्यापलीकडे १९८२ मध्ये वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा. दक्षिणेस वर्धा नदी आणि तिच्यापलीकडे तेलंगण. गावाच्या नावातच गोंड आहेत. या टापूत झाडीबोली, प्रमाण मराठी, गोंडी आणि तेलुगू यांचा शेजार आहे. बाजारात, शेतावर आणि कचेरीत या भाषा एकमेकींत मिसळतात.

गोंडी आणि तेलुगू या द्राविड भाषा, तर मराठी आर्यकुळातली. कुळे भिन्न असली तरी तरतमभावाच्या बाबतीत त्या एका पंक्तीला बसतात. द्राविड भाषांत विशेषणाला 'तर-तम' यांसारखे प्रत्यय नाहीत, हे काल्डवेलने १८५६ च्या आपल्या तौलनिक व्याकरणातच नोंदविले होते. तुलनेचा भार तिथेही नामाच्या रूपावर किंवा त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या अव्ययावर असतो. गोंडांच्या धर्मजीवनात ज्याला 'पेर्सा पेन' म्हणतात, त्याच्या नावाचा सरळ अर्थ थोरला देव एवढाच. सर्वश्रेष्ठ, परमोच्च अशी कोणतीही चढण त्या विशेषणात नाही, आणि म्हणून भक्तीत काही उणेही पडत नाही.

अशा भाषिक भूमीवर विसाव्या शतकाच्या मध्यास एक रचलेली भाषा उतरली. चांदा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांताच्या, पुढे मध्य प्रदेशाच्या कारभाराखाली होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्याच नागपुरात १९४६ च्या सुमारास लाहोरहून आलेल्या डॉ. रघुवीरांनी पारिभाषिक शब्दनिर्मितीचा अवाढव्य उद्योग चालविला. संस्कृतचे धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या संयोगाने लक्षावधी शब्द सिद्ध होऊ शकतात, या सिद्धांतावर तो आधारलेला होता. त्याला संपूर्ण अर्थाने कृत्रिम भाषा म्हणता येणार नाही. परंतु निरपवाद नियम, पूर्वनियोजित अर्थ आणि बोलणाऱ्यांआधी जन्मलेला शब्द ही कृत्रिम भाषेची तिन्ही लक्षणे त्यात आहेत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये 'पदनाम कोश' आला. त्याची दिशा रघुवीरांच्याइतकी टोकाची नव्हती, तरी संस्कृत प्रत्ययांवरची भिस्त तीच होती.

या नव्या भाषेत 'तम' आणि 'इष्ठ' यांना मानाचे स्थान मिळाले. त्यातून झालेले अर्थांतर उद्बोधक आहे. संस्कृतात 'कनिष्ठ' म्हणजे सर्वांत लहान, 'वरिष्ठ' म्हणजे सर्वांत विस्तीर्ण, 'ज्येष्ठ' म्हणजे सर्वांत वडील. कचेरीत मात्र कनिष्ठ लिपिकाच्या खाली शिपाई असतो आणि वरिष्ठ लिपिकाच्या वर अधिकाऱ्यांची उतरंड असते. परमावधीचे शब्द पायऱ्यांची नावे झाले. 'श्रेष्ठ'चेही तेच झाले, म्हणून 'सर्वश्रेष्ठ' म्हणण्याची गरज पडली. यात मराठीनेच काही चूक केली असे नाही. 'श्रेष्ठतम' हे दुहेरी रूप यजुर्वेदाइतके जुने आहे. प्रत्ययात समूह विरघळला की प्रत्यय झिजतो, आणि समूह पुन्हा कोठून तरी आणावा लागतो, एवढेच यावरून दिसते.

जिथे मराठीने आपली प्रकृती राखली, तिथे फरक स्पष्ट होतो. संविधानाच्या हिंदी पाठात 'उच्चतम न्यायालय' आहे. मराठीत तीच संस्था 'सर्वोच्च न्यायालय' झाली. संस्कृत सामग्री दोन्हीकडे आहे, परंतु मराठी नावात 'सर्व' उघडपणे उभे आहेत. हिंदीत 'न्यूनतम मजदूरी' आहे, मराठीत 'किमान वेतन'. याउलट गणितात 'महत्तम साधारण विभाजक' आणि 'लघुत्तम साधारण विभाज्य' यांना कोणी आक्षेप घेऊ नये. तिथे समूह आधीच पुरता बांधलेला असतो. दिलेल्या संख्यांचे विभाजक कोणते हे ठाऊक असते, आणि महत्तम कोणता याचा पडताळा कोणालाही घेता येतो. 'तम' निरुपद्रवी असतो तो अशा ठिकाणी.

माणसांबद्दल आणि भूप्रदेशांबद्दल बोलताना मात्र तो तसा राहत नाही. वैनगंगेपलीकडच्या तालुक्यांविषयीच्या शासकीय मजकुरात 'अतिदुर्गम' हा शब्द इतका रुळला आहे की तो भूगोलाचाच भाग वाटू लागतो. दुर्गम कोणाला? तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला तो प्रदेश दुर्गम नाही. दवाखाना आणि कचेरी त्याला दुर्गम आहेत. 'अति' या उपसर्गाने तुलनेचा दुसरा पक्ष, म्हणजे राजधानीत बसून अंतर मोजणारा, वाक्यातून अदृश्य केला. माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी या महाराष्ट्रातील तीन समाजांना दीर्घकाळ 'आदिम जमाती' म्हटले गेले. २००६ मध्ये केंद्राने त्या वर्गवारीच्या नावातील आदिमतेचा उल्लेख टाळून असुरक्षिततेचा उल्लेख आणला. 'आदिम' म्हणजे सर्वांच्या आधीचा. काळाच्या रांगेत कोणाला कुठे उभे करायचे हे ठरविणारा स्वतः त्या रांगेत नव्हता. २०१८ मध्ये गडचिरोली जिल्ह्याचा समावेश 'आकांक्षित जिल्ह्यां'त झाला. येथे 'मागास'मधील हिणकस सूर जाणीवपूर्वक टाळला आहे आणि ते स्वागतार्ह आहे. मात्र नाव बदलले तरी जिल्ह्यांची क्रमवारी लावणे चालूच राहिले. तरतमभाव शब्दातून निघून तक्त्यात गेला.

मोजण्याला विरोध करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. मोजणीनेच काही वेळा न्यायाची बाजू उघडी पडते. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार भरली. आठव्या अनुसूचीतील डोगरी, मणिपुरी आणि बोडो या प्रत्येक भाषेच्या भाषकांहून ती अधिक आहे. तरीही त्या अनुसूचीतील २२ भाषांत गोंडी नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद रास्तच होता. परंतु तो आनंद व्यक्त करणाऱ्या राज्याच्या पूर्व टोकाला एक भाषा अशी आहे की तिचे नाव कोणत्या 'सर्वां'त घ्यायचे हेच अद्याप ठरलेले नाही. 'सर्वांत प्राचीन', 'सर्वांत समृद्ध' असे म्हणताना ती मोजणीत असते का, हा प्रश्न विचारला जात नाही, कारण 'अभिजात' या शब्दात तो विचारण्याची सोय नाही.

५

श्रेष्ठत्वाबद्दल जे खरे आहे ते कनिष्ठत्वाबद्दल अधिकच खरे आहे. 'गरिबांतला गरीब' ही मराठीची सहज रचना डिसेंबर २००० मध्ये एका शासकीय योजनेचा आधार झाली. अंत्योदय अन्न योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतून अतिगरीब अशी एक कोटी कुटुंबे निवडण्याचे ठरविले. सुरुवातीस दरमहा २५ किलो धान्य ठरले, २००२ मध्ये ते ३५ किलो झाले. पुढे टप्प्याटप्प्याने कुटुंबांची मर्यादा अडीच कोटींपर्यंत वाढली. या योजनेने असंख्य घरांतील चूल पेटती ठेवली, याविषयी दुमत असू नये.

प्रश्न रचनेचा आहे. व्याकरणात 'गरिबांतला गरीब' शोधला जातो. योजनेत तो संख्येने आधीच ठरविलेला असतो. एक कोटी या मर्यादेत एक कोटी पहिले कुटुंब बसत नाही, मग त्याची भूक किती का असेना. मर्यादा अडीच कोटींवर गेली, तेव्हा जी दीड कोटी कुटुंबे नव्याने 'गरिबांतली गरीब' झाली, ती त्याआधीही तितकीच गरीब होती. म्हणजे परमावधी हा येथे गुणाचा शोध न राहता कोठाराच्या क्षमतेचे माप झाला. राज्यव्यवहाराला मर्यादा असतात, त्यामुळे हे अटळही असेल. परंतु अटळ असणे आणि न्याय्य असणे या दोन गोष्टी आहेत. आणि शब्द जेव्हा त्यांतले अंतर झाकतो, तेव्हा ते उघडे करणे हे समीक्षेचे काम ठरते.

या योजनेच्या नावातील 'अंत्य' शब्दाला मोठा वारसा आहे. जॉन रस्किनच्या 'अन्टू धिस लास्ट' या ग्रंथाचे सार गांधींनी १९०८ मध्ये गुजरातीत दिले, तेव्हा त्याला 'सर्वोदय' असे नाव दिले. मूळ शीर्षकात शेवटचा माणूस आहे, गांधींच्या शीर्षकात सर्व आहेत. हे केवळ रूपांतराचे स्वातंत्र्य मानता येणार नाही. शेवटच्याला शेवटचा म्हणून वेगळे काढण्याऐवजी, ज्या समूहात तो शेवटचा ठरला त्या समूहाचीच जबाबदारी या नावाने पुढे आणली. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर पंचमीचा माणूस सप्तमीत आणला. शेवटचा हा सर्वांपासून दूर उभा नाही, तो सर्वांतला आहे. म्हणून त्याचे शेवटचे असणे हे सर्वांचे वर्तन ठरते, केवळ त्याचे दुर्दैव उरत नाही.

६

या विवेचनावर एक आक्षेप सहज घेता येईल. भाषेच्या रूपावरून नीती ठरत नाही. 'सर्वांत' म्हणणारा माणूसही 'सर्व' कोण याचा विचार करतोच असे नाही. वृत्तपत्रांतले 'सर्वांत', जाहिरातींतले 'सर्वांत', सभासमारंभांतले 'सर्वांत' हे 'डबलप्लसगुड'इतकेच पोकळ असू शकतात. हा आक्षेप मान्य करावयास हवा. मराठीच्या रचनेत काही उपजत सात्त्विकता आहे, असे सुचविणे म्हणजे पुन्हा एक परमावधीचे विधान करणे होईल. दावा एवढाच आहे की 'सर्वांत' ही रचना 'कोणांत?' या प्रश्नासाठी जागा सोडते आणि 'तम' ती बुजवितो. प्रश्न विचारणे वा न विचारणे हे माणसावर आहे. तो विचारण्याची जागा मात्र भाषा देते.

साहित्यसमीक्षेत ही जागा बराच काळ रिकामी होती. 'श्रेष्ठ कलाकृती', 'सर्वश्रेष्ठ कवी' हे शब्द वापरताना कोणत्या कृती वाचल्या गेल्या, कोणत्या छापल्याच गेल्या नाहीत, कोणत्या बोलीत असल्यामुळे गणल्याच गेल्या नाहीत, याचा हिशेब मांडला जात नव्हता. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनापासून शरणकुमार लिंबाळे यांच्या १९९६ मधील 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या ग्रंथापर्यंतच्या वैचारिक प्रवासाकडे या दृष्टीने पाहता येते. त्या प्रवासाने प्रस्थापित निकषांना जे आव्हान दिले, त्याचा गाभा 'कोणांत श्रेष्ठ?' हा प्रश्नच होता. निकष बदला, ही त्याची एक मागणी. परंतु तिच्याही आधी, समूह उघड करा, ही मागणी होती.

मग समीक्षेने परमावधीची भाषा सोडून द्यावी काय? तसे केल्यास तरतमभावच संपेल आणि सर्व कृती सारख्याच मानण्याची आळशी उदारता उरेल. ती वाचकावरही अन्याय करते आणि कृतीवरही. येथे एक जुना संस्कृत शब्द साहाय्यास येतो : 'अनुत्तम'. 'ज्याहून उत्तम दुसरे नाही ते', असा त्याचा अर्थ. वरकरणी 'सर्वोत्तम' आणि 'अनुत्तम' एकच वाटतात, पण त्यांत तर्काचा महत्त्वाचा भेद आहे. जो सर्वांच्या वर आहे तो एकच असू शकतो. ज्याच्या वर कोणी नाही असे अनेक असू शकतात. परस्परांशी तुलनाच होऊ शकत नाही अशा दोन गोष्टी एकाच वेळी अनुत्तम असू शकतात. ओवी आणि गोंडी गाणे, शोकान्त नाटक आणि झाडीपट्टीची रंगभूमी यांना एका शिडीवर चढविल्याशिवाय त्या त्या ठिकाणी अनुत्तम काय आहे, हे सांगता येते. मराठी बोलण्यात ही रीत आहेच : 'त्याच्यासारखा तोच', 'याच्या वरचढ दुसरे पाहिले नाही'. दुसऱ्या वाक्यात तर बोलणाऱ्याच्या पाहण्याची मर्यादाही प्रामाणिकपणे नोंदलेली असते.

नकाराच्या वाटेने जाणारी ही परमावधी कृत्रिम भाषांना सहसा सुचलेली नाही, कारण तिला निरपवाद प्रत्यय नाही. तिला पाहणारा लागतो, पाहिलेल्या गोष्टी लागतात आणि अजून न पाहिलेल्यांसाठी राखलेली जागा लागते. समीक्षेच्या नीतीलाही याच तीन गोष्टी लागतात.

राहता राहिला 'सर्व'चा प्रश्न. 'सर्व' हे आयते मिळत नाहीत, ते जमवावे लागतात. गोंडपिपरीहून वैनगंगा ओलांडून उत्तरेकडे धानोरा तालुक्यात गेल्यावर मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव लागते. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला, म्हणून ते देशभर माहीत झाले. या गावाची ग्रामसभा निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीकडे जातो. बहुमत ही सुद्धा एक परमावधीच आहे. ज्या बाजूला सर्वांत जास्त हात, ती बाजू खरी. एस्पेरांतोत बहुसंख्येसाठीचा एक शब्द 'प्लेईमुल्तो' तोच 'प्लेई' घेऊन सिद्ध होतो, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. सर्वसहमतीत मात्र 'जास्त' नाही, केवळ 'सर्व' आहेत, आणि ते प्रत्येक वेळी नव्याने बसून एकत्र करावे लागतात. ही रीत संथ आहे, मोठ्या समाजाला ती जशीच्या तशी पेलणार नाही, आणि छोट्या गावातही मौनाला संमती समजण्याचा धोका तिच्यात आहेच. तथापि 'सर्वांत' हा शब्द ज्या अर्थाने उच्चारला जावा, त्याची ती एक चालती-बोलती नोंद आहे.

संस्कृत व्याकरणात 'मी'साठी जो पुरुष सांगितला आहे त्याचे नाव 'उत्तम पुरुष'. 'उत्तम' हे 'तम'चेच रूप. परंतु प्रथम, मध्यम, उत्तम या क्रमात त्याचा अर्थ 'शेवटचा' एवढाच होतो. मराठी व्याकरणांनी पुढे क्रम उलटवून 'मी'ला प्रथम पुरुष केले. दोन्ही व्यवस्था शास्त्रीय दृष्ट्या सारख्याच ग्राह्य आहेत. तरीही श्रेष्ठत्वाचे विधान करणाऱ्याने स्वतःला रांगेत कोठे उभे केले आहे, हे ज्या व्यवस्थेत दिसते, ती मूल्यविचाराला अधिक उपकारक ठरते. 'सर्वांत थोर कोण?' या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी विचारणारा आणि उत्तर देणारा त्या 'सर्वां'त आहेत काय, हे तपासणे, ही तरतमभावाची पहिली पायरी होय.